साफ काढू का खरी?

पुसट झेरॉक्स पाहिली की दाजींचा चेहरा नासलेलं दूध पाहिल्यासारखा व्हायचा. समोर ज्येष्ठ वकील असो की गावाकडून पहिल्यांदाच हायकोर्ट बघायला आलेला म्हातारा, दाजी तो कागद दोन बोटांत धरायचे, उजेडाकडे करायचे आणि विचारायचे, "ही कुणी काढली?" विचारण्याची तऱ्हा अशी, की आणणाऱ्याला आपल्याच हातून गुन्हा घडल्यासारखं वाटावं. मग उत्तराची वाट न बघता ते मूळ कागद मागून घ्यायचे, यंत्राची काच मऊ फडक्यानं पुसायचे आणि नवी प्रत काढून हातात ठेवायचे. तोवर जुनीचे चार तुकडे होऊन ती टोपलीत गेलेली असायची. "कागद बोलला पायजे," एवढंच वर म्हणायचे.

आमच्या संभाजीनगरात उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे आणि त्याच्या समोरच्या गल्लीत दाजींचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन यंत्रं, एक काउंटर आणि दाजी एवढंच त्यात मावायचं. ती जागा त्यांना मेव्हण्यानं बघून दिली होती. मेव्हणा एका वकिलाकडे कारकून. तो रस्त्यापलीकडून ओरडायचा, "दाजी, पाच सेट!" ते ऐकून बाकीचे कारकून दाजी म्हणायला लागले, मग वकील, मग कोर्टातले शिपाई. बघता बघता ते अख्ख्या कोर्टाचे दाजी झाले. त्यांनीही ते नातं मनापासून पदरात घेतलं. चहा कागदी कपात आला की परत जायचा. "जावई माणूस हाये मी, कपबशी आण," असं टपरीवाल्याला ठणकावून सांगायचे. कुणा ज्युनियरचं लग्न ठरलं की पत्रिका हातात घेऊन आधी विचारायचे, "आमच्या मानाचं काय?" आणि लग्नात कुणी खरंच फेटा बांधायला आलं की लाजून पार मागच्या रांगेत जाऊन बसायचे.

मी फर्दापूरची. लेणी बघायला येणाऱ्यांसाठी आमच्या वडिलांचं चहा-नाश्त्याचं लहानसं हॉटेल आहे. त्यामुळे माणसांशी बोलायची भीती मला कधी नव्हती, कायद्याच्या पुस्तकांची मात्र होती. सनद घेऊन मी ज्या सरांकडे ज्युनियर म्हणून लागले, त्यांच्याकडे जमिनीचे दावे नव्हते की कंपन्यांची कामं नव्हती. सगळ्या मराठवाड्यातून आणि पलीकडे जळगाव-धुळ्याकडून त्यांच्याकडे एकाच तऱ्हेची माणसं यायची. कुणाला तडीपार केलेलं, कुणाला सभेची परवानगी नाकारलेली, कुणाला खटला न चालवताच तुरुंगात ठेवलेलं. वाळूजच्या कारखान्यातला एखादा युनियनवाला, तालुक्याच्या गावी साप्ताहिक चालवणारा एखादा संपादक, गायरानासाठी भांडणारी एखादी बाई. ह्या लोकांकडे फक्त कागद असायचे, आणि तेही कुठल्यातरी कचेरीतल्या मरायला टेकलेल्या यंत्रातून निघालेले. त्यामुळे माझा जितका वेळ सरांच्या ऑफिसात जायचा, तितकाच दाजींच्या काउंटरसमोर जायचा.

दाजींचा एक कडक नियम होता. ते कागद वाचत नसत. "आपण वाचत नाय, आपण बघतो," असं ते म्हणायचे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले होते. मग लक्षात आलं, की त्यांच्या त्या काचेवर सकाळी आमची याचिका पडते आणि दुपारी त्याच याचिकेला सरकारी वकिलांनी दिलेलं उत्तर. दोन्हीकडचे गठ्ठे एकाच काउंटरवर हातभर अंतरावर असायचे. एकदा मी नको तेवढी मान लांब केली, तर दाजींनी शांतपणे सरकारी गठ्ठ्यावर आपली डब्याची पिशवी ठेवली आणि म्हणाले, "वकीलबाई, तुमचा कागद इकडं हाये." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आमचा गठ्ठाही इथं तितकाच सुरक्षित आहे, हेही मला तेव्हाच कळलं.

वाचत नसले तरी कागदाचं बाकी सगळं त्यांना कळायचं. कुठल्या कचेरीतलं यंत्र डाव्या कडेला बारीक रेघ सोडतं, कुठलं कोपऱ्यात माशी बसल्यासारखा ठिपका देतं, हे त्यांना पाठ होतं. पक्षकारानं पिशवीतून कागद काढला की हे लांबूनच विचारायचे, "घाटाखालून आलात का?" तो बिचारा चकित व्हायचा. एका म्हातारबाबांनी तर ह्यांना अंतर्ज्ञानी समजून मुलीचं लग्न कधी जमेल तेही विचारून घेतलं. दाजींनी गंभीर चेहऱ्यानं त्यांचा कागद उजेडाकडे धरला आणि सांगितलं, "शाई मागून फुटलीय, जरा दम धरा." म्हातारबाबा समाधानानं गेले. पुढच्या तारखेला येताना पेढे घेऊन आले, कारण लग्न जमलं होतं. दाजींनी पेढे खाल्ले आणि गप्प राहिले.

सरांची कामं नेहमी घाईची. सभा परवा असायची आणि परवानगी आज नाकारलेली असायची. एकदा काही कॉलेजच्या मुलांना मैदानावर सभा घ्यायची होती आणि त्यांना नाही म्हणून सांगितलं गेलं होतं. दुपारच्या आत याचिका दाखल झाली पाहिजे होती. दाजींनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि बाहेरच्या गिऱ्हाइकांना सांगितलं, "आज इथं फकस्त सभा हाये." संध्याकाळी कोर्टानं परवानगी दिली. दोन दिवसांनी मी दुकानात गेले तर त्यांनी विचारलं, "किती मानसं आली?"

"वीसेक होती," मी म्हणाले.

"येवढ्या वीस जणांसाठी मी जेवण सोडलं व्हय?"

"दाजी, वीस असोत की दोन, बोलायचा हक्क आहे ना त्यांना."

"हाये, ते खरं हाये," दाजी म्हणाले. "पण पुढल्या खेपेला आधी सांगा. आमच्या गल्लीतले पंधरा-वीस धाडतो. पोरांना बरं वाटंल."

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसले, तिच्याकडे येते. करोनाच्या आधीची गोष्ट आहे. दिवाळी तोंडावर आली होती आणि कोर्टाला सुटी लागायला आठ-दहा दिवस उरले होते. रखमा नावाची एक बाई खताच्या रिकाम्या गोणीत गुंडाळलेले कागद घेऊन ऑफिसात आली. शेजारच्या एका जिल्ह्यातून, दोन गाड्या बदलून. त्यांचं घर मेंढपाळांचं. गावच्या गायरानाला कुणीतरी तारेचं कुंपण घालायला लागलं, तेव्हा तिचा नवरा सोपान आणि त्याच्या वाडीवरची चार घरं आडवी आली. आधी सोपानवर भांडणाच्या दोन तक्रारी झाल्या. मग 'धोकादायक व्यक्ती' म्हणून त्याला वर्षभर स्थानबद्ध करायचा हुकूम निघाला. म्हणजे खटला नाही, साक्षीपुरावा नाही, नुसता तुरुंग. हुकमाला आधार काय, तर दोन माणसांचे गुप्त जबाब, नावं झाकलेले.

रखमानं सगळं एका दमात सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "दिवाळी झाली की आमची मेंढरं कन्नडचा घाट उतरून खानदेशात जात्यात. इथला चारा सरलाय. सासरे थकलेत, लेकरं ल्हान हायेत. दोनशे मेंढरं घिऊन मी एकटी घाट कशी उतरू? तुम्ही मला येवढंच सांगा, दिवाळीच्या आत ह्यांना सोडत्याल का?"

सरांनी तिला काही वचन दिलं नाही. त्यांची ती सवयच नव्हती. पण गठ्ठा चाळता चाळता ते एका पानावर थांबले आणि त्यांनी मला हाक मारली. तुरुंगात सोपानच्या हातात दिलेल्या आणि त्यानं भेटीला आलेल्या रखमाकडे सोपवलेल्या त्या कागदांतली तीसेक पानं निव्वळ काळी होती, तव्याच्या बुडासारखी. सोबतच्या यादीप्रमाणे दोन्ही गुप्त जबाब नेमके त्यातच होते. कायदा ह्या बाबतीत सरळ आहे. माणसाला खटल्याशिवाय डांबायचं असेल, तर का डांबलं ते त्याला कळेल असे कागद दिले पाहिजेत, नाहीतर तो उत्तर काय देणार? कागद वाचता येत नसतील तर हुकूम टिकत नाही. सर म्हणाले, "दुसरे मुद्दे आहेत, पण ह्या एका मुद्द्यावर माणूस सुटतो." आम्ही याचिकेत पहिलाच मुद्दा तो घातला आणि ती तीस पानं याचिकेला जशीच्या तशी जोडायचं ठरवलं.

मी गठ्ठा दाजींच्या काउंटरवर ठेवला, "पाच सेट, उद्या सकाळी फायलिंग," एवढं सांगितलं आणि दुसऱ्या प्रकरणासाठी पळाले. कुठली पानं आहेत आणि कशासाठी आहेत, हे काही सांगितलं नाही. सांगायची वेळ कधी आलीच नव्हती. सकाळी पाचही सेट बांधून तयार होते, मूळ गठ्ठा शेजारी वेगळा बांधलेला. दाजींचे डोळे लाल झाले होते, पण चेहऱ्यावर लेकीचं लग्न पार पाडल्यासारखी कृतार्थता होती. "एकडाव बघून घ्या, वकीलबाई," ते म्हणाले. मी म्हणाले, "तुमचं काय बघायचं, दाजी." आणि गठ्ठे उचलून निघाले. माझं हे वाक्य मला अजून आठवतं आणि अजून लाज वाटते.

सुनावणी सुटीआधीच्या शेवटच्या गुरुवारी लागली. दोन न्यायमूर्ती बसले होते. रखमा मागच्या भिंतीला टेकून उभी होती. सरांनी सुरुवात झोकात केली. वाचता न येणारे कागद देणं म्हणजे तोंड बांधून माणसाला बोलायला सांगणं आहे, असं त्यांनी ठासून सांगितलं. न्यायमूर्ती मान डोलावत होते. मग सरकारी वकील उठले. गृहस्थ मोठे मिश्किल होते. त्यांनी आमचीच याचिका उघडली आणि म्हणाले, "तक्रार पान न वाचता येण्याची आहे. मी वाचूनच दाखवतो." आणि ते घडाघडा वाचायला लागले, "सदर इसम हा हातात काठी घेऊन आला व त्याने मला दमदाटी केली..." न्यायमूर्तींनी आपापल्या प्रतीत ते पान काढलं. पान छापील पुस्तकासारखं स्वच्छ होतं. त्यांनी पुढचं उलटलं, तेही तसंच. एक न्यायमूर्ती चष्म्यावरून सरांकडे बघत म्हणाले, "वकीलसाहेब, आम्हाला तर सगळं नीट वाचता येतंय."

सर माझ्याकडे वळले. मी जमिनीकडे बघितलं. काय झालं असणार ते मला एका क्षणात कळलं होतं आणि सांगायला तोंड नव्हतं. सरांनी आवाज न बदलता सोपानला दिलेले मूळ कागद दाखल करायला एक दिवस मागितला. "उद्या सकाळी पहिलं प्रकरण," कोर्ट म्हणालं. उद्या शुक्रवार, कामाचा शेवटचा दिवस. उद्या झालं नाही तर दिवाळीची सुटी संपेपर्यंत काही नाही. बाहेर आल्यावर रखमानं विचारलं, "काय झालं वो?" मी म्हणाले, "उद्या." ती म्हणाली, "बरं." त्या 'बरं'नं मला जीव नकोसा झाला.

मी तरातरा दाजींच्या दुकानात गेले. पायऱ्या चढताना काय काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं. मला बघताच दाजींनी फडकं खाली ठेवलं आणि हसून विचारलं, "कशी दिसली पानं? जज साहेब काय म्हणले?"

"फार सुंदर आलीत म्हणाले."

"येणारच. चार तास घातले त्या तीस पानांत. आधी वाटलं हातचं गेलं. मंग एक पान धाकट्या यंत्रावर फिकं काढायचं, ते मोठ्या यंत्रावर गडद करायचं, परत फिकं. जेवलो नाय बघा. पण सोडलं नाय."

मी जुळवून ठेवलेलं सगळं विसरले आणि काउंटरसमोरच्या स्टुलावर बसून रडायला लागले. मग हुंदके देत देत सांगितलं, की ती पानं काळी होती म्हणूनच तो माणूस सुटणार होता. दाजी ऐकत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद जाताना मी बघितला आणि मला माझाच राग आला. त्यांनी खाली ठेवलेलं फडकं उचलून त्याची घडी घातली. मग म्हणाले, "म्हंजे मी त्याला आत ठिवला."

तेवढ्यात सर आले. मला वाटलं आता ह्या म्हाताऱ्याची हजेरी घेतील. सर काउंटरवर रेलले आणि त्यांनी विचारलं, "दाजी, ही पानं साफ करायला किती वेळ लागला?" दाजींनी खाली मान घालून सगळी हकीकत परत सांगितली. फिकं, गडद, फिकं. ऐकता ऐकता सरांचे डोळे चमकायला लागले. "दाजी, हे असंच उद्या कोर्टाला सांगायचं. शपथेवर."

दाजी घाबरले. इतक्या वर्षांत ते त्या इमारतीत एकदाही गेले नव्हते. "कागदात हात घातला म्हणून मला आत टाकत्याल का?"

"टाकलं तर तुमची याचिका मी चालवीन," सर म्हणाले.

"मंग तिच्या झेरॉक्सी कोण काढंल?" दाजींनी विचारलं. त्याही परिस्थितीत आम्ही तिघं हसलो.

शपथपत्र टाइप करायला बसलो आणि पहिल्याच ओळीत अडलो. दाजींचं नाव आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. विचारलं तर त्यांनाही क्षणभर थांबावं लागलं. "नामदेव," ते संकोचून म्हणाले, जणू दुसऱ्याच कुणाची ओळख करून देत होते. कन्नड तालुक्यातलं गाव, धंदा झेरॉक्स. पानं सुधारण्यात लबाडी नव्हती, सवय होती, हे वाक्य त्यांनी स्वतः सांगून घालायला लावलं.

शुक्रवारी दाजी लग्नाकार्यासाठी ठेवलेला पांढरा शर्ट घालून आले. सरांनी आमची चूक आडपडदा न ठेवता सांगितली, मूळ कागद पुढे केले आणि शपथपत्र दिलं. सरकारी वकील म्हणाले, याचा अर्थ यांनी कोर्टापुढच्या कागदांत फेरफार केला. न्यायमूर्तींनी दाजींना पुढे बोलावलं आणि मराठीतच विचारलं, "तुम्ही फेरफार केलात का?"

"फेरफार नाय साहेब, सफाई केली. यंत्रानं. पेन लावला नाय."

"मग हे मूळ पान वाचता येतं, असंच ना?"

त्यांनी मूळ पान दाजींच्या हातात द्यायला सांगितलं. दाजींनी ते दोन बोटांत धरलं, दालनातल्या दिव्याकडे केलं, तिरकं केलं, सरळ केलं. सगळं दालन त्यांच्याकडे बघत होतं. मला धास्ती वाटली, कारण ह्या माणसाला अभिमानाचा झटका आला असता तर तो "थोडं थोडं दिसतंय" म्हणून बसला असता.

"नाय साहेब," दाजी म्हणाले. "मलाबी दिसत नाय. मी आयुष्यभर हेच काम केलं. मला चार तास आन् दोन यंत्रं लागली. ह्या माणसाकडं तुरुंगात यंत्र कुठलं?"

सरकारी वकिलांनी एकदा मूळ पानाकडे बघितलं आणि खाली बसले. त्यांच्या बाजूनं बोलण्यासारखं फारसं नव्हतं आणि ते कबूल करण्याइतका त्यांचा स्वभाव मोकळा होता. न्यायमूर्तींनी तिथंच निकाल सांगायला घेतला. हुकूम रद्द, माणूस ताबडतोब मोकळा. रखमाला इंग्रजी कळत नव्हतं, पण सरांनी मागे वळून तिच्याकडे बघितलं तशी ती भिंतीला धरून खाली बसली. सोपान त्याच संध्याकाळी सुटला. दिवाळी झाली आणि मेंढरं घाट उतरली.

आम्ही सगळे खुश होतो, दाजी सोडून. निकालाची प्रत काढायला त्यांनी कपाळावर आठ्या घालूनच घेतली. मी म्हटलं, "दाजी, तुमच्यामुळे सुटला तो." त्यावर म्हणाले, "माझ्यापायी एक दिवस जादा राहिला तो. गुरुवारीच सुटला असता." किती समजावलं तरी ऐकेनात. एक अख्खी रात्र एका निरपराध माणसानं आपल्यामुळे तुरुंगात काढली, हे त्यांच्या मनातून गेलं नाही. आम्ही वकील लोक तारखांना इतके सरावलेले असतो, की एका दिवसाला दिवस म्हणायचं विसरून जातो. दाजी विसरले नव्हते.

त्यानंतर दुकानात एक नवीन रीत सुरू झाली. कुणी कागद पुढे केला की दाजी यंत्राचं झाकण उघडायच्या आधी विचारायचे, "साफ काढू का खरी काढू?" नव्या वकिलांना हे काय आहे ते कळायचं नाही. "म्हणजे?" असं विचारलं की दाजी सांगायचे, "साफ म्हंजे मला आवडंल तशी. खरी म्हंजे हाये तशी. तुमच्या कामाला कुठली पायजे ते तुम्ही बघा." पुढे पुढे वकिलांच्या बाररूममध्येही हे बोलणं चालू झालं. एखादा वकील मुद्दा फार रंगवून सांगायला लागला की दुसरा म्हणायचा, "ही साफ झाली, आता खरी काढ."

माझ्यापुरतं सांगायचं तर हा प्रश्न मला रोज कामाला येतो. आता माझं स्वतःचं ऑफिस आहे. तडीपार झालेला माणूस समोर बसून अडखळत, मागे-पुढे करत आपली हकीकत सांगतो आणि माझे हात ती नीटनेटकी करायला शिवशिवतात. वाक्यं गुळगुळीत करावीत, राग जरा कमी करावा, लाज वाटेल ते गाळावं. मग मी थांबते आणि त्याच्या तोंडचं तसंच्या तसं लिहून घेते. सरांनी मला कायदा शिकवला. शपथपत्र लिहायला मला दाजींनी शिकवलं, असं मी कुठेही सांगायला तयार आहे.

मग करोना आला आणि याचिका संगणकावरून दाखल व्हायला लागल्या. दाजींनी वर्षभर कळ काढली. एक दिवस मी गेले तर धाकटं यंत्र पोत्यात बांधलेलं. "कागदच उरला नाय, तर बोलणार कोण?" ते म्हणाले. त्यात कडवटपणा नव्हता. शेवटच्या दिवशी सगळ्या बारनं मिळून त्यांना फेटा बांधला, कपबशीतून चहा दिला, आणि ज्या मिश्किल सरकारी वकिलांनी त्यांना फेरफारवाला ठरवलं होतं त्यांनीच पहिला हार घातला. दाजी मागच्या रांगेत जाऊ शकले नाहीत, कारण दुकानात मागची रांगच नव्हती.

गेल्या दिवाळीच्या सुटीत मी कन्नडला त्यांच्याकडे गेले. त्यांचं शेत घाटाच्या वाटेवर आहे. जाऊन बघते तर शेतात दोनशे मेंढरं बसलेली. शेताला खत मिळावं म्हणून शेतकरी मेंढपाळांना बोलावून मेंढरं बसवून घेतात, ती पद्धत जुनीच. पण ही मेंढरं सोपानची होती. रखमानं मला लांबूनच ओळखलं. सुटल्यानंतरच्या वर्षापासून घाट उतरायच्या आधी तीन दिवस त्यांचा मुक्काम दाजींच्या शेतातच असतो, हे मला ठाऊकच नव्हतं. दाजींनी मला सांगितलंही नव्हतं.

सोपान उंच, किडकिडीत आणि अबोल. मी त्याला कोर्टात कधी पाहिलं नव्हतं, कारण त्याला कुणी आणलंच नव्हतं. चहा घेता घेता दाजींनी माझ्यासमोर त्यांचं नेहमीचं काढलं, "ह्याचा एक दिवस गेला माझ्यापायी." आतून त्यांच्या पत्नी, काकू, म्हणाल्या, "झालं ह्यांचं सुरू." मला वाटलं सोपान हसून सोडून देईल. तो मेंढरांकडे बघत बसला होता. मग सावकाश बोलायला लागला.

"दाजी, तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. जेलात ते कागद हातात दिले आन् म्हणले सही कर. मी म्हणलं, दिसत नाय. तर म्हणले, तुला वाचता येत नसंल. मी सातवी शिकलोय. तरी दोन महिने ती पानं खिडकीपाशी धरून बघत व्हतो. रोज. मला वाटाया लागलं, आपलंच शिक्षण कच्चं, आपलेच डोळे गेले. कायतरी केलंबी आसंल आपण, ते ह्यात लिव्हलं आसंल, आन् आपल्याला कळंना. मंग सुटल्यावर हिनं सांगितलं, की एक मानूस जज साहेबापुढं उभा राहून म्हणला, मलाबी दिसत नाय." त्यानं दाजींकडे मान वळवली. "त्या येका बोलण्यासाठी मी आजून म्हैनाभर आत राहिलो असतो."

दाजींनी हातातली बशी खाली ठेवली. मग दाराकडे वळून त्यांनी काकूंना हाक मारली, काकू हात पुसत बाहेर आल्या, आणि दाजी सोपानला म्हणाले, "परत म्हण. हिच्यासमोर म्हण."

सोपाननं ते पुन्हा, पहिल्यापासून सांगितलं. मी दाजींना तेव्हा पहिल्यांदा रडताना पाहिलं. त्यांना ते लपवायचंही सुचलं नाही.